कॉम्प्युटर नसताना पाण्याची जाळी मांडणारे लुईस रिचर्डसन

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचलं आणि वसई-विरारच्या लोकल बंद पडल्या. पाणी कुठे तुंबेल, हे आज कॉम्प्युटरवर आधी मांडून बघता येतं. परिसराचे लहान लहान चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनात शेजारून किती पाणी आलं, किती गेलं, याचा हिशोब ठेवायचा. ही जाळीची पद्धत उभी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे लुईस फ्राय रिचर्डसन. गंमत म्हणजे त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता!

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाला. १९०६-०७ च्या सुमारास ते पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काढणाऱ्या कंपनीत होते. पावसाच्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर कुठे खणायचे, हा तिथला प्रश्न. समीकरण माहीत होतं, पण वेड्यावाकड्या आकारांसाठी ते सुटत नव्हतं. मग जागेवर जाळी टाकून शेजारच्या आकड्यांवरून प्रत्येक ठिकाणचा आकडा काढायचा, ही वाट त्यांनी धरली. १९१० मध्ये त्यांनी याच पद्धतीने दगडी धरणातले ताण मोजून दाखवले. आकडेमोडीला पैसे देऊन मुलं बसवली होती.

यातली खरी गोम कडेला असते. मधल्या चौकोनाला चारही बाजूंना शेजारी असतात. भिंतीलगतच्या चौकोनाला मात्र वेगळा नियम सांगावा लागतो: भिंतीच्या बाजूने प्रवाह शून्य. म्हणजे आलेलं पाणी उरलेल्या बाजूंनी जाईल, नाहीतर पातळी चढेल. रेल्वेचा भराव, कंपाउंड, बुजवलेला नाला हे 'बंद' म्हणून मांडलंच नाही, तर स्क्रीनवर पाणी त्यातून आरपार जातं. मग प्रत्यक्षात जिथे कमरेइतकं पाणी असतं, ती गल्ली स्क्रीनवर कोरडी दिसते.

रिचर्डसन क्वेकर पंथाचे, युद्धाच्या विरोधात. पहिल्या महायुद्धात बंदूक न धरता त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. तिथेच फावल्या वेळात त्यांनी २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा हवामान अंदाज हाताने काढला. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ मिलीबारने वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता! पद्धत बरोबर होती, पण सुरुवातीच्या आकड्यांत वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता. हे फसलेलं उत्तर त्यांनी १९२२ च्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं. त्याआधी १९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा त्यांनी तिथली नोकरी सोडली होती.

१९५० मध्ये अमेरिकेत एनिअॅक कॉम्प्युटरवर जाळीच्याच हिशोबाने २४ तासांचे अंदाज काढले गेले. हे बघूनच ३० सप्टेंबर १९५३ रोजी रिचर्डसन गेले.

त्यामुळे पुराचा नकाशा मोबाईलवर आला की रंग नंतर बघा. आधी विचारा, आपल्या भागात नवा भराव पडल्यावर ही जाळी पुन्हा मांडली होती का?