मावळच्या पावसातून वीज काढायची म्हणणारे जमशेटजी टाटा

लोणावळ्याचं वळवण धरण बांधलंय ते विजेसाठी. त्यामागचे जमशेटजी टाटा १८३९ साली नवसारीला जन्मले. १८७७ ला नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १९०३ ला मुंबईत ताज हॉटेल. तेव्हा गिरण्या कोळशावर चालत, मुंबईवर सगळा धूर. इंजिनिअर डेव्हिड गॉस्टलिंग यांनी घाटातल्या पावसाची कल्पना मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली.

हिशेब सोपा. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, मोठ्या पाइपातून खाली खोपोलीला सोडायचं. पाचशे मीटरवरून आलेलं पाणी टर्बाइनचं चाक जोरात फिरवतं, त्याला जोडलेला जनित्र वीज देतो. पवनचक्कीत हेच काम वारा करतो. पण वारा साठवता येत नाही, पाणी येतं. आपल्याकडं पाऊस चार महिने, म्हणून तर एवढी धरणं.

१९०४ ला जमशेटजी जर्मनीत वारले. १९१० ला मुलांनी कंपनी काढली, १९१५ ला खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. जमीन अन् पाणी मावळचं, उजेड मुंबईचा, हेही लिहिलं पाहिजे. १९२१ ला शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उतरले.