लोखंडातील ठिणगी

निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या लोखंडाच्या तुकड्याकडे सामान्य माणूस क्षणभरही पाहत नाही. कलावंताची दृष्टी मात्र निराळी असते. अशी दृष्टी लाभलेल्या एका शिल्पकर्त्रीचे नाव पिलू पोचखानवाला.

पिलूबाईंचा जन्म १९२३ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. १९४५ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी मिळविली व पुढे जाहिरातीच्या व्यवसायात काम केले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १९५१ साली त्या युरोपच्या प्रवासास गेल्या. तेथील शिल्पे पाहून त्यांना जणू आपली वाट गवसली. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या कृतींचा त्यांच्या मनावर विशेष परिणाम झाला. ज्या वयात माणसे हाती घेतलेल्या व्यवसायात स्थिर होतात, त्या वयात पिलूबाईंनी शिल्पकलेचा पहिला धडा गिरविला. नामवंत शिल्पकार ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बाकीचे शिक्षण त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने मिळविले.

आरंभी त्यांनी लाकूड व दगड ही माध्यमे हाताळली. पुढे त्या धातूकडे वळल्या. मोडीत निघालेल्या यंत्रांचे भाग, पत्रे, सळ्या असे भंगार त्या निवडून घेत आणि प्रखर ज्योतीने त्याचे सांधे जुळवीत. हे काम कष्टाचे व जोखमीचे. त्या काळी ते पुरुषांचेच मानले जाई. परंतु पिलूबाई डगमगल्या नाहीत.

शिल्प म्हणजे थोर पुरुषाचा हुबेहूब पुतळा, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. पिलूबाईंच्या शिल्पांत नाक, डोळे शोधून सापडत नसत. कोन, वर्तुळे, पोकळ्या आणि वर झेपावणारे आकार यांतून त्या गती व चैतन्य प्रकट करीत. अशी कला काही थोड्या रसिकांच्या दिवाणखान्यात अडकून पडू नये, ती रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही दिसावी, अशी त्यांची तळमळ होती. मुंबईत हाजी अलीजवळच्या चौकात त्यांचे ‘स्पार्क’, म्हणजे ठिणगी, या नावाचे भव्य शिल्प उभारले गेले.

मुंबईला आधुनिक कलेचे स्वतंत्र संग्रहालय असावे, हा त्यांचा दुसरा ध्यास. सर कावसजी जहांगीर सभागृहाचे त्यासाठी रूपांतर व्हावे, म्हणून त्यांनी इतर कलाप्रेमींसह अविरत खटपट केली. ते स्वप्न साकार होण्यापूर्वीच, १९८६ साली, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९६ साली, त्याच वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दालन जनतेसाठी खुले झाले.

इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंत पिलूबाईंना सौंदर्य दिसले आणि ते सर्वांना दिसावे म्हणून त्या अखेरपर्यंत झटल्या. यातच त्यांच्या जीवनाचे सार्थक आहे.