तेनसिंग नोर्गे : हमाल, सरदार, शिक्षक

एव्हरेस्टवर प्रथम कोण पोहोचले, हा प्रश्न आपल्या मुलांच्या प्रश्नमंजूषेत हमखास असतो. हिलरी आणि तेनसिंग हे उत्तर सर्वांना पाठ असते. पण २९ मे १९५३ रोजी शिखरावर उभ्या राहिलेल्या तेनसिंग यांच्या पाठीशी अठरा वर्षांची ओझी होती, हे फारसे सांगितले जात नाही. आज आपण त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. घरी याक पाळण्याचा व्यवसाय, तेरा भावंडांत ते अकरावे. जन्मगाव तिबेटमधले की नेपाळमधले, याबद्दल दोन मते आहेत. बालपण मात्र नेपाळच्या खुंबू भागातील थामे गावात गेले. पाळण्यातले नाव नामग्याल वांगदी. पुढे रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवले गेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अनेक भाषा बोलत, पण लिहिणे-वाचणे कधी शिकायला मिळाले नाही.

त्या काळी नेपाळ परदेशी लोकांना बंद होता. एव्हरेस्टच्या मोहिमा तिबेटमार्गे जात आणि त्यांच्यासाठी माणसे दार्जिलिंगमध्ये निवडली जात. म्हणून १९३२ च्या सुमारास तेनसिंग घर सोडून दार्जिलिंगला आले. १९३३ च्या मोहिमेत त्यांना घेतले नाही. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांना आणखी दोन माणसे हवी होती. तेनसिंग यांच्याजवळ अनुभवाचा दाखला नव्हता, तरी त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यामुळे निवड झाली. तंबू, शिधा, प्राणवायूची नळकांडी वरच्या तळांवर पोहोचवणे, बर्फ वितळवून चहा करणे, ही शेर्पांची कामे. १९३८ मध्ये ८,००० मीटरच्या वर ओझे वाहून नेल्याबद्दल त्यांना हिमालयन क्लबचा 'टायगर' हा किताब मिळाला.

मधली वर्षे कठीण गेली. युद्धकाळात ते चित्रालला नोकरीला होते. तिथेच १९४४ मध्ये पहिल्या पत्नी दावा फुटी वारल्या. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. पुढे आंग ल्हामू यांच्याशी लग्न झाले आणि घर पुन्हा उभे राहिले.

१९५२ मध्ये स्विस मोहिमेने त्यांना शेर्पांचे सरदार तर नेमलेच, शिवाय गिर्यारोहक म्हणून बरोबरीचे स्थान दिले. रेमंड लॅम्बर्ट आणि तेनसिंग यांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. दोघांनी झोपण्याच्या पिशव्यांशिवाय एका तंबूत रात्र काढली, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळवले आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरपर्यंत मजल मारली. शिखर जेमतेम अडीचशे मीटर उरले होते.

पुढच्या वर्षी जॉन हंट यांची ब्रिटिश मोहीम आली. काठमांडूत शेर्पांची झोपायची सोय ब्रिटिश दूतावासाच्या गॅरेजमध्ये केली गेली. तिथे शौचालयही नव्हते. शेर्पा संतापले आणि सकाळी गॅरेजसमोरच लघवी करून त्यांनी निषेध केला. आपल्या माणसांचा मान आणि मोहिमेची गरज, दोन्ही सांभाळण्याची जबाबदारी सरदार म्हणून तेनसिंग यांच्यावर होती. एप्रिलमध्ये खुंबूच्या हिमप्रपातात हिलरी बर्फाच्या भेगेत घसरले, तेव्हा तेनसिंग यांनी दोरी घट्ट धरून त्यांना वाचवले. शिखरावर दोघे एकत्र गेले, ती तेनसिंग यांची एव्हरेस्टची सातवी खेप होती. तिथे त्यांनी बर्फात थोडा गोड खाऊ आणि धाकट्या मुलीने दिलेली पेन्सिल पुरून ठेवली.

खाली उतरल्यावर ओढाताण सुरू झाली. तेनसिंग नेपाळचे की भारताचे? आधी पाऊल कोणाचे पडले? हिलरी आणि हंट यांना 'सर' हा किताब, तेनसिंग यांना जॉर्ज पदक, यावरूनही वाद झाला. दोघे जवळजवळ एकदमच पोहोचले, असे निवेदन काढून काठमांडूत विषय मिटवला गेला. पुढे आत्मकथनात तेनसिंग यांनी सरळ सांगून टाकले की हिलरी काही पावले पुढे होते आणि आपण मागोमाग होतो. एका दोरीला बांधलेल्या दोघांत असा हिशेब करणे त्यांना पटत नव्हते. नेपाळ आणि भारत, दोन्ही देश ते आपलेच मानत. मूळ एकीकडे आणि घर दुसरीकडे, हे बेळगाव, बडोदे, इंदूर किंवा हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने नोव्हेंबर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेनसिंग तिचे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. त्याआधी ते स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन शिकवण्याची पद्धत शिकून आले. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांनी १९७६ पर्यंत विद्यार्थ्यांना दोरी बांधणे, बर्फात पायऱ्या खोदणे आणि वेळीच माघार घेणे शिकवले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर, १९७८ मध्ये, त्यांनी प्रवाशांना हिमालयात पदभ्रमणाला नेणारी स्वतःची कंपनी काढली. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्या घरांतली मुले-मुली बेसिक कोर्ससाठी दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनालीला जातात. काही जण एव्हरेस्टच्या तळापर्यंतचा ट्रेकही करून येतात. तिथे अजूनही सामान कोणीतरी दुसराच उचलतो आणि शिखराच्या वाटेवर दोर आधी शेर्पाच लावतात. मुले परत आली की फोटो जरूर पाहावेत. बरोबर आलेल्या शेर्पाचे आणि हमालाचे नाव काय होते, हेही त्यांना आवर्जून विचारावे.