खडकी वसविणारा मलिक अंबर

आम्ही राहतो ते सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी आहे. येथून घाट चढून गेले म्हणजे दक्षिणेचे पठार लागते, आणि उत्तरेकडे चालत गेले म्हणजे खानदेश ओलांडून बुऱ्हाणपूर येते. चारशे वर्षांपूर्वी मोगल बादशहाचे दक्षिणेतील मुख्य ठाणे ह्याच बुऱ्हाणपुरी होते, आणि अजिंठ्याच्या रांगेतील घाट चढून त्याच्या फौजा पठारावर येत असत. ज्या एका मनुष्याने त्या फौजांस सुमारे पंचवीस वर्षे थोपवून धरिले, त्या मलिक अंबराचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हे चरित्र निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. गेल्या काही महिन्यांत खेड्यापाड्यांतील ज्या उपदेशक बंधूंची व पंचांची आमची भेट झाली, त्यांच्या तोंडून एकच गाऱ्हाणे आम्ही वारंवार ऐकिले. परदेशी मिशनरी जाऊन पिढ्या लोटल्या. तरुण माणसे पोटासाठी शहरांत गेली. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून काम करणारे आज भेटत नाहीत. मग उरलेल्या चार घरांचा पुढारी होऊन राहण्यात काय अर्थ, असे त्यांचे म्हणणे. हे गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु ज्याच्या वाट्यास पडके घर येते त्याने काय करावे, हे अंबराच्या आयुष्यावरून पुष्कळ शिकता येते, म्हणून हा प्रपंच.

अंबराचा जन्म हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, इ. स. १५४८ च्या सुमारास झाला. त्याचे मूळचे नाव चापू असे सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला, आणि अरबस्तान व बगदाद येथे एका धन्याकडून दुसऱ्याकडे विकला गेला. त्यांपैकी मीर कासीम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास लिहिणे-वाचणे व कारभार शिकविला आणि अंबर हे नाव दिले. तेथेच तो इस्लाम धर्मात आला. पुढे तो समुद्रमार्गे दक्षिणेत आला, व अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीझखान ह्याने त्यास विकत घेतले. हा प्रधान स्वतः हबशी असून पूर्वी गुलामच होता. राज्य कसे चालते, कोठे मोडते आणि कोठे सांधावे लागते, हे अंबर त्याच्या पदरी राहून पाहत होता.

योसेफाचा वृत्तांत ज्यांस पाठ आहे, त्या आमच्या वाचकांस येथवरची हकिकत ओळखीची वाटेल. पण एक भेद ध्यानात ठेवावा. योसेफास भरभराटीचे राज्य व गुण ओळखणारा फारो मिळाला. अंबराच्या हाती आले ते राज्य मोडून पडल्यावर आले.

इ. स. १५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरास बंधमुक्त केले. त्यानंतरची वीस वर्षे तो साधा शिलेदार होता. काही काळ त्याने विजापूर दरबारी चाकरी केली, आणि मलिक ही पदवी त्यास तेथेच मिळाली. पुढे मनासारखे न जमल्यामुळे दीडशे घोडेस्वार बरोबर घेऊन तो अहमदनगरच्या मुलखात परत आला. हाच तो काळ, जेव्हा अकबर बादशहाची सेना निजामशाहीवर चालून आली. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने लढविला, परंतु दरबारात फूट पडून तिचा घात झाला आणि इ. स. १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. बाल सुलतान कैदेत पडला. राजधानी गेली, राजा गेला. सरदार ज्याने त्याने आपापली सोय पाहू लागले.

अंबराचे वय तेव्हा पन्नाशी उलटलेले होते. त्यानेही आपली सोय पाहिली असती तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. त्याने उलट राजघराण्यातील एक पुरुष शोधून काढिला, त्यास मूर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसविले, आपली मुलगी त्यास दिली, आणि परांड्याच्या किल्ल्यात राज्याचा संसार पुन्हा मांडिला. इ. स. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्यास उचलून नेले म्हणून वाचला. बरा होताच त्याने मोगल सेनापतीशी तह केला आणि मिळालेल्या उसंतीत घरातली फूट मिटविण्याचे काम हाती घेतले. राजू नावाचा प्रतिस्पर्धी सरदार अर्धे राज्य बळकावून बसला होता. त्यास त्याने काही वर्षांत दूर केले. मग राजधानी जुन्नरास, व पुढे दौलताबादेस आली. इ. स. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाही परत मिळाला.

त्याच वर्षी त्याने दौलताबादेजवळ खडकी नावाच्या लहानशा गावी नवे शहर वसविले. तेथे पाण्याची अडचण होती. अंबराने शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात जमिनीखाली साठणारे पाणी भुयारी मार्गांनी एकत्र करून, उताराच्या जोरावर, खापरी नळांतून शहरात आणविले. नळांवर दाब पडून ते फुटू नयेत म्हणून वाटेत चुनेगच्ची उंच बंब बांधिले. नहर-ए-अंबरी ती हीच. ती बांधावयास लाविली तेव्हा राज्य दोन-तीन पिढ्या तरी टिकेल की नाही, हे कोणास सांगता आले नसते.

मुलखाच्या व्यवस्थेतही त्याचे लक्ष असेच मुळाकडे होते. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी गावाचा सारा वसूल करण्याचा मक्ता जास्त बोली करणारास देत असत, आणि मक्तेदार रयतेस पिळून काढी. अंबराने ही चाल बंद केली, जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरविली, पिकाच्या मानाने सारा बांधून दिला, आणि वसुलीचा भार गावच्या पाटील-कुळकर्ण्यांवर ठेविला. सरकारचा वाटा प्रथम पिकाचा दोन पंचमांश असे. पुढे त्याचे रोकड रकमेत रूपांतर झाले. महाराष्ट्रात पुढे जी महसुलाची व्यवस्था झाली, तिचा पाया ह्या मलिक अंबरी धाऱ्याने घातला असे इतिहासकार मानितात.

लढाईची रीतही त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठेविली. मोगलांच्या तोफा व हत्ती ह्यांच्यासमोर मैदानात उभे राहिल्यास आपला निभाव लागणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून हलक्या मराठा घोडेस्वारांकडून शत्रूची रसद मारणे, त्यास डोंगरांत ओढून दमविणे, आणि रात्री छावणीवर तुटून पडणे, असा क्रम त्याने चालविला. भोसले, जाधव इत्यादी मराठा घराण्यांचे पुरुष त्याच्या काळी निजामशाहीत वाढले. जे आपल्याजवळ नाही त्यासाठी रडत न बसता जे आहे त्याचा उपयोग त्याने केला.

तथापि त्याचे दिवस सुखाचे गेले असे कोणी समजू नये. इ. स. १६१६ च्या आरंभी त्याचे कित्येक सरदार रागावून मोगलांस मिळाले. जालन्याजवळ रोशनगाव येथे त्याचा मोठा पराभव झाला, आणि शत्रूने खडकीत शिरून शहर जाळून उद्ध्वस्त केले. सहा वर्षांची मेहनत थोड्या दिवसांत राख झाली. जहांगीर बादशहास अंबराचा इतका राग असे की त्याच्या चित्रकाराने बादशहा अंबराच्या छेदलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे असे चित्र काढिले. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

दुसऱ्या वर्षी शहाजादा खुर्रम मोठी सेना घेऊन आला, तेव्हा अंबराने अहमदनगरचा किल्ला व बराच मुलूख सोडून तह केला. किल्ला गेला तरी चालेल, पण माणसे व राज्याचा गाभा वाचला पाहिजे, हा त्याचा हिशेब. खडकी पुन्हा उभी राहू लागली. इ. स. १६२१ मध्ये मोगलांनी ती दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केली, आणि हे गाव वीस वर्षांत काही पूर्वीसारखे होणार नाही असे त्यांच्या दरबारी मानिले गेले. अंबराने पुन्हा तह केला, पुन्हा मुलूख दिला, आणि पुन्हा कामास लागला. तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता.

तीन वर्षांनी, इ. स. १६२४ मध्ये, मोगल व विजापूर ह्या दोघांच्या सेना एक होऊन त्याच्यावर आल्या. अहमदनगरापासून जवळच भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल माजविला आणि त्या थकलेल्या सेनांचा पूर्ण पराभव केला. शहाजी भोसले ह्या लढाईत त्याच्या बाजूने लढले, व त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. इ. स. १६२६ च्या मे महिन्यात अंबर मरण पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे. मोगल दरबारच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करिताना ह्या शत्रूची मनापासून थोरवी गाइली आहे.

त्याचे दोष झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या मूर्तजास त्याने गादीवर बसविले त्याच्याशी पुढे त्याचे बिनसले, आणि इ. स. १६१० मध्ये त्या सुलतानाचा अंत अंबराच्या हातून झाला असे इतिहास सांगतो. दुसरा दोष असा की सर्व राज्य त्याने आपल्या एकट्याच्या खांद्यावर पेलिले. त्याच्यामागे कारभार मुलगा फत्तेखान ह्याच्याकडे गेला, आणि सातच वर्षांत, इ. स. १६३३ मध्ये, दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन झाले. इ. स. १६३६ मध्ये निजामशाहीचा दिवा कायमचा मालवला. जो पुढारी आपल्याइतका भार उचलणारे दुसरे खांदे तयार करीत नाही, त्याचा धीर त्याच्याबरोबरच पुरला जातो.

मग उरले काय? खडकी उरली. तिचे नाव फत्तेहनगर झाले, इ. स. १६५३ मध्ये औरंगाबाद झाले, आणि इ. स. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. किती राज्ये आली आणि गेली, परंतु नहरीचे पाणी शतकानुशतके त्या शहरातील लोक पीत राहिले. अंबराने तलवारीने राखिलेले बहुतेक सर्व गेले. लोकांच्या घागरीत जे ओतिले ते राहिले.

उपदेशक बंधूंनो, आम्हांस ह्या चरित्रात असे दिसते की धीर हा काही जन्मतः लाभलेला कणखर स्वभाव नव्हे. प्रत्येक पराभवानंतर अंबर काय करीत होता ते पाहा. सोडावे लागेल ते तो सोडून देई, जवळ राहिलेल्या माणसांची गणती करी, आणि पाणी व शेत ह्यांच्या कामाकडे परत वळे. ह्याच सवयीने त्याचा धीर वाढत गेला. मंडळीतील चार घरे उरली असतील तर त्या चार घरांतील मुलांस वाचावयास शिकविणे, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणे, आणि आपल्या मागे हे काम करील असा एक तरुण किंवा तरुणी आजच हाताशी धरणे, ही आपली नहर होय. अंबराने पहिले दोन धडे आपल्या कृतीने शिकविले. तिसरा त्याच्या चुकीवरून आपण शिकावा.

सोयगावाहून कोणी छत्रपती संभाजीनगरास गेला तर त्याने त्या जुन्या नहरीचा एखादा बंब अवश्य पाहावा. तो बांधणारा मनुष्य एके काळी बाजारात विकला गेला होता, आणि त्याचे शहर दोनदा जाळले गेले होते, हे त्यापुढे उभे राहून क्षणभर आठवावे, आणि मग आपल्या गावी परत येऊन कामास लागावे.