रूझवेल्ट आणि हिंदुस्थान

पोलिओने पाय लुळे पडलेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९३३ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा तेथील दर चौथा कामकरी बेकार होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने त्यांनी वृद्धांस निवृत्तिवेतन दिले. शेतमजूर व घरगडी मात्र वगळले गेले. १९४१ च्या अटलांटिक सनदेतील स्वयंनिर्णय हिंदुस्थानास लागू नाही, असे चर्चिल यांनी महिन्याभरातच बजावले. १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी लुई जॉन्सन यांस दिल्लीस धाडले खरे. परंतु क्रिप्स शिष्टाई फसताच चर्चिल यांच्याशी बिघाड नको म्हणून ते माघारले. हिटलरशी झुंज चालू असता ही माघार आम्ही समजू शकतो. त्याच वर्षी लाखाहून अधिक जपानी वंशीयांस छावण्यांत कोंडणाऱ्या हुकुमावर त्यांनी केलेली सही मात्र समजू शकत नाही.