शेजारच्या खोलीतली डोरोथीबाई

विल्यम कॅरींचं नाव आपल्या मंडळात नवीन नाही. मराठीचं छापील व्याकरण 1805 साली त्यांनी श्रीरामपूरला काढलं, 1810 मध्ये मोडी टाइपात मराठी कोश छापला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण साहेबांना मराठी शिकवली. पंडित वैद्यनाथ त्यांच्या मदतीला होते. इतकं परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र त्यांच्या कोशापेक्षा त्यांच्या कागदांनी जास्त धरून ठेवलं.

त्यांची बरीच पत्रं आणि सुरुवातीच्या वर्षांची रोजनिशी ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातल्या अँगस ग्रंथालयात, बाप्टिस्ट मिशनच्या दप्तरात आहे. पण पहिला कागद त्याहून जुना, पिडिंग्टन गावच्या चर्चची विवाहनोंद, जून 1781. नवरा चांभारकाम करणारा, वय वीससुद्धा पूर्ण नाही. त्याची सही आहे. नवरी डोरोथी प्लॅकेट, त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिने फुली मारली. पुढे ज्या माणसाने डझनावारी भाषांत बायबल नेलं, त्याच्या संसाराची सुरुवात या फुलीने झाली.

1793 मध्ये कॅरींनी हिंदुस्थानात यायचं ठरवलं तेव्हा ती गरोदर होती आणि तिने सरळ नकार दिला. गावाबाहेर फारशी न गेलेली बाई, आणखी काय म्हणणार? कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालेसुद्धा! परवान्याच्या भानगडीत जहाजावरून उतरावं लागलं, म्हणून पुन्हा विचारणं झालं. तोवर जाबेझ जन्मला होता. बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून शेवटी ती तयार झाली. तान्हं मूल घेऊन जूनमध्ये डॅनिश जहाजात बसली आणि नोव्हेंबरात बंगालला पोचली. किटीने इथेच एका इंग्रजाशी लग्न केलं, म्हणजे तोही आधार गेला.

पुढे मदनाबाटीला कॅरी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होते. तिथे 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. खड्डा खणायला, पेटी उचलायला माणसं मिळेनात. त्यानंतर डोरोथीबाईंचं मन ढासळलं. नवरा बदफैली आहे असा भ्रम जडला, त्या चारचौघांत तसं बोलू लागल्या. कॅरींचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांनी 1796 मध्ये इंग्लंडला अँड्र्यू फुलर यांना हे कळवलं. कॅरींनी बहिणींना लिहिलेल्या पत्रांतही ते आहे. तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक असं, दुसऱ्यांच्या अक्षरात.

1800 मध्ये कुटुंब श्रीरामपूरला आलं. डोरोथीबाईंना खोलीत बंद ठेवावं लागे आणि शेजारी कॅरी भाषांतराला बसत. आपलं मराठी व्याकरण याच वर्षांतलं. कॅरींनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्या काळची ती इस्पितळं म्हणजे कोंडवाडेच. पण जुन्या भक्तिपर चरित्रांतून ही बाई एकतर गायब असते, नाहीतर थोर माणसाच्या वाटेतला धोंडा ठरते. दोन्ही मला पटत नाही. येऊ नका म्हणणारी त्या घरात ती एकटीच होती, आणि मुलगा तिचाच गेला.

डिसेंबर 1807 मध्ये त्या वारल्या. सहा महिनेही उलटले नाहीत तोच कॅरींनी शार्लट रूमोर यांच्याशी लग्न केलं. सहकाऱ्यांना ही घाई रुचली नव्हती. शार्लटबाई शिकलेल्या, भाषांतरात मदत करणाऱ्या. कॅरी सुखी झाले, पत्रांचा सूरच बदलतो.

1812 मध्ये छापखान्याला आग लागून हस्तलिखितं जळाली, कॅरींनी ती पुन्हा लिहायला घेतली. ती हकीकत सगळीकडे वाचायला मिळते. मी थांबलो ते त्यांच्या मृत्युपत्रापाशी. 9 जून 1834 ला ते गेले, तिसऱ्या पत्नी ग्रेसबाई तेव्हा हयात होत्या. त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं, की मला दुसऱ्या पत्नीच्या, शार्लटच्या शेजारी पुरावं.