रायपूरचे प्रपंची तपस्वी माधवराव सप्रे

समता कॉलनीसारख्या वस्त्यांनी आज दूरवर पसरलेले रायपूर विसाव्या शतकाच्या आरंभी लहानसे शहर होते. पंडित माधवराव सप्रे यांनी ते आपले मानले. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे त्यांचा जन्म झाला. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी आपली लेखणी हिंदीच्या सेवेस वाहिली. थोरले बंधू बाबूराव यांच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. हे ऋण ते कधी विसरले नाहीत.

विवाहानंतर सासऱ्यांनी नायब तहसीलदाराची जागा पाहून दिली. जावयाने ती नम्रपणे नाकारली. संसारी पुरुषास हा त्याग सोपा नव्हे! १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत थांबले.

१९०७ साली नागपुरात ‘हिंदी केसरी’ निघाला आणि लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचू लागले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०८ मध्ये, राजद्रोहाच्या आरोपावरून माधवरावांना अटक झाली. बाबूराव तुरुंगात आले. क्षमापत्रावर सही न केल्यास आपण प्राणत्याग करू, असे त्यांनी निक्षून सांगितले. ज्याने वाढविले त्याच्या मृत्यूस कारण व्हावे, की स्वीकृत कार्यास पाठ दाखवावी? रणांगणावर स्वजन पाहून अर्जुनाचे गात्र शिथिल झाले. येथे तर स्वजनच समोर उभे राहून याचना करीत होते. माधवरावांनी सही केली.

सुटका झाली, पण मन सुटले नाही. निंदा करणारे पुष्कळ निघाले. त्यांत बंधुप्रेमाचा विचार थोड्यांनीच केला. माधवरावांनी मात्र स्वतःस क्षमा केली नाही. वर्ध्याजवळील हनुमानगडच्या रामदासी मठात ते राहिले, मधुकरी मागून जगले आणि तेथे त्यांनी दासबोधाचे अध्ययन केले. समर्थांनी प्रपंच टाकावयास सांगितलेले नाही, तो नेटका करावयास सांगितले आहे. माधवरावही मठात कायमचे न राहता रायपूरला आपल्या माणसांत परतले.

पुढे दासबोध त्यांनी हिंदीत आणला. त्यानंतर हाती घेतले ते ‘गीतारहस्य’. १९०८ सालीच शिक्षा झालेल्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा कर्मयोगाचा ग्रंथ. ज्या मार्गावरून आपण मागे फिरलो, त्याच मार्गावरून चालत राहिलेल्या पुरुषाचे शब्द एकेक करून हिंदीत उतरविताना अनुवादकाच्या अंतःकरणात काय दाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. हा अनुवाद उत्तर भारतात घरोघर वाचला गेला.

रायपुरात त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी कन्या पाठशाळा काढली. १९२४ साली डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांनी देह ठेवला.